टे झा, "शून्यातून अब्जाधीश" आणि आमचे मामा

काल रात्री साडेअकराला मामांनी फॅमिली ग्रुपवर तो मेसेज टाकला, वर तीन आगीचे इमोजी आणि खाली "पोरांना वाचून दाखवा". म्यानमारचा टे झा नावाचा उद्योगपती. गरीब घरातला, शिक्षण अर्धवट सोडलं, सरकारची एक दमडी न घेता लाकूड विकता विकता एअरलाइन, बँक, हॉटेलं उभी केली, देशातला पहिला अब्जाधीश झाला, अमेरिकेने जळून बंदी घातली पण युरोपच्या कोर्टाने निर्दोष सोडलं, आणि हेलिकॉप्टर पडलं तरी हा वाचला. एरवी मी सोडून दिलं असतं. पण सकाळी आमचा भाचा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, दोन केटी डोक्यावर, चहात खारी बुडवत म्हणतो, "डिग्रीचं काय घेऊन बसलायस, तो बर्मावाला बघ ना." मग मात्र माझं डोकं सटकलं.

गरीब घरातला? वडील लष्करात अधिकारी होते. आणि जे शिक्षण सोडलं ते डिफेन्स सर्व्हिसेस अकॅडमीतलं, म्हणजे त्यांच्याकडची एनडीए समजा. सोडलं हे खरंय. पण ज्या देशात १९६२ पासून लष्करच सगळं चालवतंय तिथे अकॅडमीतून बाहेर पडलेल्याला पुढे कुणाकुणाला फोन करता येतो याचा विचार करा, आमच्या भाच्याचे बॅचमेट फार तर झेरॉक्स काढून देतील.

आता मुख्य थाप. "सरकारची एक दमडी न घेता लाकूड विकलं." अहो, तेव्हा बर्मात सागवान कुणाच्याही परसात उगवलं तरी ते कायद्याने सरकारचं असायचं! तोडायचा हक्क सरकारी म्यानमा टिंबर एंटरप्राइजचा, खासगी कंपन्या त्यांच्याच कंत्राटावर जंगलात शिरायच्या. याची ह्टू कंपनी १९९० ची, राज्य जुंटाचं, म्हणजे लष्करी राजवटीचं. मग सरकारला न विचारता ओंडका हलला कसा, ते मामांनी सांगावं. आणि हे रत्नागिरीकराला समजावून सांगायला लागावं याचंच जास्त वाईट वाटतं. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा इथे कशामुळे आला? बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या इंग्रज कंपनीवर सागवानाच्या तोडीवरून त्याच्या दरबाराने २३ लाखांचा दंड लावला, इंग्रजांना लढाईला निमित्तच हवं होतं, १८८५ ला राज्य गेलं आणि राजा आला आमच्याकडे, तो १९१६ ला इथेच वारला. आमच्या जुन्या घराचं माजघराचं दार ब्रह्मी सागवानाचं, शंभर पावसाळे खाऊन आजही फुगत नाही, आजोबा त्याच्यावर बोटांनी टकटक करून पाहुण्यांना आवाज ऐकवायचे. त्या लाकडाचा धंदा राजदरबाराला वळसा घालून तेव्हाही झाला नव्हता.

पुढचंही तसंच. २००५ ला जनरल लोकांनी राजधानी यांगूनहून उचलून नेपिडॉला नेली, ते शहर बांधायची कामं ज्यांना मिळाली त्यात ह्टू. २०१० ला जुंटाने जाता जाता चार खासगी बँकांचे परवाने वाटले, त्यातला एक याच्या बँकेला. त्याच्या एका कंपनीतून लष्करासाठी विमानं-हेलिकॉप्टरं घेतली जायची, हे अमेरिकेच्या ट्रेझरीने, म्हणजे अर्थखात्याने, लिहून ठेवलंय. याला शून्यातून म्हणायचं असेल तर आमच्या गल्लीतला कंत्राटदारही शून्यातूनच आला म्हणायचा.

पहिला अब्जाधीश वगैरे सोडा. त्याचा ह्टू ग्रुप कधी शेअर बाजारात लिस्टच झाला नाही, त्याचे हिशोब कुणी बघितले? यांगूनच्या एक्स्चेंजवर २०१६ ला पहिली लिस्ट झालेली कंपनी सर्ज पुन यांची एफएमआय. त्यांची गोष्ट फॉरवर्ड केली असती तर मी एवढा पेटलो नसतो.

"अमेरिका जळली" म्हणे. बंदी आली ऑक्टोबर २००७ ला, त्याच्या आदल्याच महिन्यात भिक्षूंच्या मोर्च्यांवर लष्कराने गोळ्या चालवल्या होत्या. भिक्षू रस्त्यावर आडवे पडलेले असताना जळायला काय होतं तिथे? आता कोर्ट. यात अर्धं खरंय, मान्य करतो, नाइलाजाने. मार्च २०१२ ला युरोपियन कोर्टाने युरोपने घातलेली बंदी खरंच रद्द केली. पण कुणाची? त्याच्या मुलाची! उद्योगपतीचा मुलगा आहे एवढंच कारण पुरत नाही असं कोर्ट म्हणालं, आणि बरोबरच म्हणालं. बापाला निर्दोष वगैरे कुणी ठरवलं नाही. मेसेज लिहिणाऱ्याने मुलगा गाळला आणि निकाल ठेवला, आहे की नाही कमाल. अमेरिकेने २०१६ ला बंदी उठवली हेही खरं, ती सगळ्या देशावरचीच उठवली होती. २०२१ च्या सत्तापालटानंतर ब्रिटनने, मग अमेरिकेने परत घातली, आणि युरोपने ह्टू ग्रुपवर.

आणि ज्याने मला खरा राग आला ते मेसेजमध्ये नाहीच. संयुक्त राष्ट्रांच्या तपास पथकाचा ऑगस्ट २०१९ चा रिपोर्ट नेटवर पडलाय, बाकी काही नाही तरी तेवढा वाचा. सप्टेंबर २०१७ ला, रोहिंग्यांची गावं जळत होती तेव्हा, लष्कराने उद्योगपतींना बोलावून वर्गणी मागितली, निदान ४५ कंपन्या-संस्थांनी मिळून ६० लाख डॉलरच्या वर दिले. सात लाखांवर माणसं बांगलादेशात पळाली. ब्रिटनने टे झावर बंदी घातली तेव्हा शस्त्रांसोबत या वर्गणीचंही कारण दिलंय. पोरांना हे वाचून दाखवायचं का मामा?

हे सगळं भाच्याला सांगितलं, त्याने शांतपणे खारी संपवली. मग म्हणाला, "पण हेलिकॉप्टरचं तरी खरं ना?"

हो. फेब्रुवारी २०११, म्यानमारच्या उत्तर टोकाला पुताओच्या वर बर्फात, तीन दिवस अडकला होता. ते खरं आहे.