साबणाच्या पाण्यातलं सेरिसिन चालणार नाही

‘रेशीम कारखान्यांच्या सांडपाण्यात वाहून जाणारं सेरिसिन गायी-म्हशींच्या भ्रूण प्रयोगशाळांना जवळजवळ फुकट मिळू शकेल,’ हे सेरिसिनवरच्या लेखातलं वाक्य खटकलं. सेरिसिन म्हणजे रेशीम धाग्यावरचं डिंकासारखं प्रथिन; भ्रूण वाढवण्याच्या द्रावणात सीरमऐवजी (सीरम म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) ते घालण्याची ही कल्पना. कोषाच्या वजनात साधारण 20 ते 30 टक्के सेरिसिन असतं हे खरं, पण कारखान्यात ते काढून टाकताना रेशीम साबण आणि सोड्यात उकळतात. त्यात या प्रथिनाचे तुकडे होतात, वर साबण आणि क्षार मिसळतात. असं पाणी भ्रूण वाढवतात त्या द्रावणाच्या थेंबात कोण घालेल? प्रयोगशाळेसाठी नुसत्या पाण्यात, दाबाखाली उकळून ते वेगळं काढावं लागतं, मग डायलिसिस (पातळ पडद्यातून क्षार काढणं), गाळणी, निर्जंतुकीकरण. खर्च तिथे आहे.

सेरिसिनची बाजू मात्र मी जीव तोडून मांडेन. मी गायींच्या आयव्हीएफ प्रयोगशाळेत काम करते. सीरमची बाटली बदलली की ब्लास्टोसिस्टचं (गर्भाशयात सोडण्याइतपत वाढलेल्या भ्रूणांचं) प्रमाण बदलतं, हे आम्ही कितीदा भोगलंय. एकदा नव्या बाटलीनंतर सलग तीन आठवडे भ्रूण आठ-सोळा पेशींवरच अडकले. इनक्युबेटर, तेल, वीर्य सगळं तपासलं आणि शेवटी दोष सीरमचाच निघाला. त्यात गर्भवासराच्या सीरममधून बीव्हीडी हा गुरांना हगवणीचा आजार देणारा विषाणू येण्याची धास्ती आणि सीरममध्ये वाढवलेल्या भ्रूणांपासून अवाजवी मोठी वासरं जन्मण्याचा धोका. सेरिसिन किड्याचं, त्यामुळे गुरांचे विषाणू त्यातून येण्याची भीती फार कमी, शिवाय ते पेशींवरचा ऑक्सिडेशनचा ताणही कमी करतं. पण तेही प्रत्येक खेपेला सारखं हवं, नाहीतर सीरमचीच रड पुन्हा सुरू. लेखकांनी पुढच्या भागात शुद्धीकरणावर लिहावं, ही विनंती.