बेपत्ता : एक

पुण्याच्या हेड ऑफिसातून चाकणच्या प्लांटला बदली झाली, तेव्हा मला यंत्रांची धास्ती होती. मी अकाउंट्सचा माणूस. पण छळलं ते चित्रांनी. गेटवरच एका निळ्या गोलात हेल्मेट, दुसऱ्यात बूट, तिसऱ्यात गॉगल. मला वाटलं, आत दुकानं आहेत.

गेटपास मिळण्याआधी सेफ्टी इंडक्शन. साहेब म्हणाले, "निळा गोल म्हणजे करायलाच हवं. लाल गोलावर तिरकी रेघ म्हणजे करायचं नाही. पिवळा त्रिकोण म्हणजे जपून. हिरवा चौकोन म्हणजे सुटकेची वाट. शाळेत न गेलेल्यालाही कळतं हे." मी एम.कॉम. आहे. तिथेच घोडं अडलं.

मग वीस चित्रांची परीक्षा. मला नऊ मार्क. घसरणाऱ्या माणसाखाली मी 'नाचताना जपून' लिहिलं होतं. त्रिकोण पिवळा होता, निदान 'जपून'चा अर्धा मार्क द्यायचा! डोळ्यावर पाण्याची धार दिसली, तिथे 'रडायची जागा' लिहिलं. केमिकल उडालं तर डोळे धुवायचा नळ असतो म्हणे तो. मार्चअखेर जवळ आली होती, मला दुसरं काय सुचणार? शेजारी बसलेल्या कंत्राटी हेल्परला अठरा मिळाले. तो हळूच म्हणाला, "साहेब, रंग बघायचा आधी, चित्र मागनं."

दाराकडे पळणारा हिरवा माणूस तर मी आठवडाभर शौचालयाचा समजत होतो. एवढ्या घाईत माणूस आणखी कुठे जातो? दोनदा त्याच्या भरवशावर निघालो आणि दोन्ही वेळा लोखंडी जिन्याने मागच्या पार्किंगमध्ये उतरलो. तो जपानच्या युकिओ ओटा यांनी आखलेला, जगभर आपत्कालीन दारांवर पळणारा माणूस आहे, हे कळेपर्यंत माझी आपत्ती टळून गेली होती.

४ मार्चला मॉक ड्रिल. १९६६ साली याच तारखेला कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेसाठी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, म्हणून हा राष्ट्रीय सुरक्षा दिवस. सायरन वाजला. या वेळी मी शहाणपणाने हिरव्या माणसामागे धावलो. बाहेर एक हिरवी पाटी होती : मधे चार माणसं, आणि चारी कोपऱ्यांतून त्यांच्यावर रोखलेले चार बाण. मरायला कोण थांबेल तिथे? मी सरळ कँटीनमागच्या सायकल स्टँडवर जाऊन उभा राहिलो. हवा छान होती. कोणीतरी चहाही दिला.

तिकडे असेंब्ली पॉइंटवर, म्हणजे त्याच बाणांच्या पाटीखाली, तीनदा शिरगणती झाली. दरवेळी एक कमी. शेवटी स्ट्रेचर घेतलेली दोन पोरं मला शोधत आली. पुढे तोच हेल्पर. माझ्या हातातल्या कपाकडे बघून म्हणाला, "साहेब, रंग..."

ड्रिलच्या रिपोर्टमध्ये लिहिलं : 'बेपत्ता : एक'. रिपोर्टवर सगळ्यांच्या सह्या लागतात. बेपत्ता माणसाची सही माझ्याकडूनच घेतली.