आम्ही अळूवाले

हवाईतल्या होनोलुलूहून परत येऊन दोन आठवडे झाले, पण ते पान अजून माझ्या घशात आहे.

भाच्याचं फर्मान होतं, किनाऱ्यावरच्या झगमगीत हॉटेलांत जायचं नाही, स्थानिक माणसं जेवतात तिथं जायचं. गेलो. टेबलं थोडी, माणसं फार, म्हणून आम्हा नवरा-बायकोला एका आजीबाईंच्या टेबलावर कोंबलं. तिथं कुठल्याही वडीलधाऱ्या बाईला 'आँटी' म्हणतात, हे कळल्यावर अगदी घरच्यासारखं वाटलं. मग पंचाहत्तरीच्या त्या बाईंनी मला 'अंकल' म्हटलं, आणि घरपण जरा कमी झालं.

मी लाउलाउ मागवलं. डुकराचं मांस आणि खारवलेला मासा अळूच्या पानांत गुंडाळून तासन् तास वाफवतात. अळू! मी सरसावून बसलो. आँटींना सांगितलं, आमच्याकडे याचं फदफदं करतात, वड्या करतात, घसा खाजू नये म्हणून चिंच घालतात. लग्नाच्या पंगतीतलं फदफदं तर... असो, त्यावर मी बराच वेळ बोललो.

'म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक आहे,' आँटी कौतुकानं म्हणाल्या.

'थोडंफार,' असं विनयानं म्हणत मी पुडीचा कोपरा तोडून तोंडात टाकला.

चावला. पुन्हा चावला. कोल्हापुरी चपलेचा अंगठा चघळावा तसं ते पान दाताखाली फिरत होतं, पण तुटत नव्हतं. आँटी बघत होत्या. शेजारचं टेबलही जेवण थांबवून बघू लागलं. बऱ्याच वेळानं आँटी हळूच म्हणाल्या, 'अंकल, ते वेष्टण आहे.'

बाहेरचं पान 'टी' नावाच्या झाडाचं असतं. चहाशी त्याचा काही संबंध नाही. पातोळीला हळदीचं पान, तसं हे. खायचं अळू त्याच्या आत. 'पातोळीचं पान खातोस का कधी?' बायकोनं विचारलं, तेही गरजेपेक्षा मोठ्यानं. मीही आवाज चढवून म्हणालो की ठाऊक होतं तर आधी तोंड उघडायचं होतंस. भांडण रंगात येणार, तोच आँटींनी आपल्या पोईच्या वाडग्यावर बशी झाकली.

'पोई उघडी असताना भांडत नाहीत. थोरला भाऊ ऐकतोय.'

मी मागं वळून पाहिलं. भाऊ वाडग्यात होता. पोई म्हणजे अळूचा कंद शिजवून, कुटून, पाणी घालून केलेला जांभळट लगदा. हवाईच्या पुराणकथेत वाकेआ हा आकाशपिता. त्याचं पहिलं मूल मृत जन्मलं, ते पुरलं तिथं अळू उगवलं. नंतर झालेला हालोआ हा माणसांचा पूर्वज. म्हणून अळू थोरलं, आणि थोरल्यासमोर आवाज चढवायचा नाही. आमच्याकडे सातबाऱ्यावरून थोरल्याशीच भांडतात, हे मी आँटींना सांगितलं नाही.

शांतता झाल्यावर बशी निघाली. पोईचा घट्टपणा बोटांवर मोजतात, म्हणजे घास उचलायला किती बोटं लागतात त्यावर. ही दोन बोटांची होती. पहिल्या घासाला पतंगाची खळ आठवली. बोललो नाही, भाऊ ऐकत होता. पण दोन-तीन दिवस ठेवून आंबवलेली ही पोई खारट कालुआ, म्हणजे जमिनीतल्या भट्टीत भाजलेल्या, डुकराबरोबर खाल्ली, तेव्हा आंबोळीच्या पिठासारखा तिचा आंबूसपणा जिभेवर बसला. वाटीएवढ्या पोईचे पैसे मात्र खुपले. तसं म्हटल्यावर आँटी पहिल्यांदाच चिडल्या. एकोणिसाव्या शतकात ऊसमळेवाल्यांनी ओढ्यांचं पाणी वळवलं, अळूची खाचरं कोरडी पडली, आता स्वस्त कुठून मिळणार? उसानं पाणी प्यायल्याची गोष्ट मराठी माणसाला फोड करून सांगावी लागत नाही. तेवढ्यापुरतं आमचं जमलं. त्यांनी आपल्या ताटातली हाउपियाची, म्हणजे नारळाच्या दुधाची, एक थुलथुलीत वडीही मला दिली. बायकोला दोन.

दुसऱ्या दिवशी दुकानातून स्पॅम मुसुबी घेतली. भाताची वीट, वर डबाबंद मांसाचा परतलेला काप, भोवती काळा पट्टा. या खेपेला मी सावध होतो. पट्टा नखानं अलगद सोडवला, घडी करून कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि विजयी मुद्रेनं बायकोकडे पाहिलं.

'सर,' गल्ल्यावरचा पोरगा म्हणाला, 'ते समुद्री शेवाळ होतं. ते खायचं असतं.'

एकदा वेष्टण खायचं, एकदा नाही. मग कुठं काय ते लिहून ठेवायला यांच्या बापाचं काय जातं?