फर्ग्युसनच्या ‘सात कोरड्या वर्षां’चा हिशेब

शनिवारी रात्री इंग्लिश फुटबॉलमधली मँचेस्टर युनायटेड हरली की रविवारी सकाळी तो मेसेज येतोच. या वेळी आम्ही नाशिकच्या मखमलाबाद रोडला मिसळ खायला बसलो होतो. तर्री अजून यायची होती आणि पापड मोडून झाला होता, तेवढ्यात फोन वाजला. पाठवणारा माझा मावसभाऊ, आणि तो माझ्या समोरच बसलेला. वर म्हणतो, “दादा, वाच की. मुद्दा आहे का नाही?”

मेसेज साधारण असा: ‘सर ॲलेक्स फर्ग्युसन युनायटेडचे मॅनेजर म्हणून १९८६ मध्ये आले. पहिली सात वर्षं एकही ट्रॉफी नाही. तेव्हा तेही नवखेच होते. तरी क्लबने डोळे झाकून विश्वास ठेवला. त्यांनी पैसा न ओतता पोरं घडवली. त्यांच्यानंतर एकाही मॅनेजरला वेळ दिला नाही, म्हणून ही अवस्था. आत्ताच्या मॅनेजरला सात वर्षं द्या. खरे फॅन असाल तर पुढे पाठवा.’

हाच मेसेज मी फर्ग्युसननंतर मॅनेजर झालेल्या मोयेसच्या वेळी वाचलाय, सोल्शारच्या वेळी वाचलाय, टेन हाग आणि अमोरिमच्या वेळीही. शेवटच्या ओळीतलं नाव येतं नि जातं, वरचा मजकूर हलत नाही. त्यामुळे आत्ता मैदानाकडेला मॅनेजर म्हणून कोण उभा आहे याच्याशी मला कर्तव्य नाही. माझं भांडण वरच्या मजकुराशी आहे.

‘सात वर्षं एकही ट्रॉफी नाही.’ साफ चूक. फर्ग्युसन ६ नोव्हेंबर १९८६ ला रुजू झाला आणि मे १९९० मध्ये त्याने एफए कप (इंग्लंडची जुनी बाद पद्धतीची स्पर्धा) उचलला. म्हणजे साडेतीन वर्षं. १९९१ मध्ये रॉटरडॅमला बार्सिलोनाला २-१ हरवून कप विनर्स कप (युरोपातल्या कपविजेत्यांची स्पर्धा) आणला, दोन्ही गोल मार्क ह्यूजचे. १९९२ मध्ये लीग कप. लीग, म्हणजे हंगामभर चालणारी मुख्य साखळी स्पर्धा, मात्र १९९३ मध्ये, क्लबला तब्बल २६ वर्षांनी. मेसेज लिहिणाऱ्याने लीग म्हणजेच ट्रॉफी असं धरलं आणि साडेसहाचे सात केले. बाजारात भाजीवाला पावशेराला एवढी सूट देत नाही.

यावर मावसभाऊ म्हणाला, “तीन काय, सात काय, वाईट दिवस होते ना?” होते. फार वाईट होते. लीगमधले क्रमांक ओळीने सांगतो: अकरावा, दुसरा, अकरावा, तेरावा, सहावा, दुसरा, पहिला. यातला तेरावा म्हणजे १९८९-९०. त्या सप्टेंबरात मेन रोड या आपल्या मैदानावर शेजारच्या मँचेस्टर सिटीने ५-१ असा धुतला. डिसेंबरात ओल्ड ट्रॅफर्डवर त्याला निरोप देणारा फलक झळकला, तीन वर्षांच्या सबबी पुरे झाल्या अशा अर्थाचा. जानेवारीत नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या मैदानावर एफए कपचा सामना, आणि हरला तर गेला असं सगळ्या पेपरांनी ठरवून टाकलेलं. मार्क रॉबिन्स नावाच्या पोराने गोल केला, १-०.

पण माझ्या मते त्या वर्षातला मोठा दिवस रॉबिन्सच्या गोलचा नाही. तो मे महिन्यातला. वेम्बलीला क्रिस्टल पॅलेसबरोबरची फायनल ३-३ बरोबरीत सुटली. गोलकीपर जिम लेटन, फर्ग्युसनचा ॲबर्डीनपासूनचा माणूस, त्याच्या ओळखीने, त्याच्या शब्दावर आलेला. पाच दिवसांनी फायनल पुन्हा खेळवली तेव्हा फर्ग्युसनने त्याला बाहेर बसवलं आणि ल्यूटनहून उसना आणलेला लेस सीली गोलमध्ये उभा केला. आपली नोकरी टांगणीला असताना आपल्याच माणसाला फायनलमधून काढायचं. सीलीने गोल खाल्ला नाही, ली मार्टिनने एक मारला, कप घरी आला. लेटनशी त्याचे संबंध कायमचे बिघडले, ते वेगळं. हा माणूस तेराव्या क्रमांकावर बसून ‘मला वेळ द्या’ म्हणत नव्हता. तो निर्णय घेत होता, आणि त्यांची किंमतही मोजत होता.

‘तेही तेव्हा नवखेच होते.’ यावर फार शाई घालवत नाही. ॲबर्डीनला घेऊन तो तीनदा स्कॉटलंडचा लीग विजेता झाला होता, तेही सेल्टिक आणि रेंजर्सच्या नाकावर टिच्चून. १९८३ मध्ये त्याच ॲबर्डीनने वाटेत बायर्न म्युनिकला घरी पाठवलं आणि गोथेनबर्गला फायनलमध्ये रेआल माद्रिदला हरवलं. जॉक स्टीन गेल्यावर १९८६ च्या वर्ल्ड कपला स्कॉटलंडचा संघ त्यानेच नेला. असा नवखा मिळाला तर आज कुठलाही क्लब रांग लावेल.

आता ‘डोळे झाकून विश्वास’. हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं, आणि त्याला कारण माझा मामा.

मामाची पिंपळगाव बसवंतला द्राक्षबाग आहे. फुटबॉलशी त्याचा संबंध एवढाच की वर्ल्ड कपला आम्ही ओरडलो की तो टीव्ही बंद करायला सांगतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, नव्या काड्या फुटतात आणि त्या काडीच्या डोळ्यात, म्हणजे कोंबात, पुढच्या हंगामाचा घड आतल्या आत तयार होत असतो. बाहेरून काही दिसत नाही. बाग नुसती हिरवीगार, रस्त्यावरून जाणारा म्हणतो वा. पण ऑक्टोबरची छाटणी कितव्या डोळ्यावर घ्यायची हे ठरवायला मामा काड्या कापून तपासायला नेतो. तिथे डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. घड आहे, की घडाऐवजी नुसती बाळी (वेलीचा तंतू) आहे, की घड जिरलाय. मामा ती चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवतो आणि दिवसभरात चार वेळा काढून वाचतो.

१९८९ च्या युनायटेडमध्ये बाहेरून तेरावा क्रमांक दिसत होता. काडी चिरून बघितली असती तर काय दिसलं असतं? पोरं हेरणाऱ्या माणसांचं जाळं त्याने आल्याआल्या वाढवलं होतं, कारण शहरातली चांगली पोरं सिटीकडे जात होती. रायन गिग्सही सिटीकडेच सराव करायचा. २९ नोव्हेंबर १९८७ ला, पोराच्या चौदाव्या वाढदिवशी, फर्ग्युसन स्वतः त्याच्या घरी गेला आणि सही घेऊन आला. ड्रेसिंग रूममध्ये दारूची रीत पडली होती; व्हाइटसाइड आणि मॅकग्रा हे प्रेक्षकांचे लाडके त्याने १९८९ च्या उन्हाळ्यात विकून टाकले. लोक चिडले. संचालक मंडळात बॉबी चार्लटन बसायचा, ज्याला फुटबॉल कशाशी खातात हे कुणी सांगायची गरज नव्हती. त्या मंडळींनी डोळे झाकले नव्हते. त्यांनी डोळे तपासले होते.

आणि हाच क्लब म्हणे सबुरीचा पुतळा! मॅट बस्बी पायउतार झाल्यावर विल्फ मॅकगिनेसला दीड वर्ष, फ्रँक ओफॅरेलला दीड वर्ष. डेव्ह सेक्स्टनने १९८१ मध्ये हंगामातले शेवटचे सातही सामने जिंकले, तरी त्याला नारळ दिला. रॉन ॲटकिन्सनने तर दोन एफए कप आणले होते, १९८३ आणि १९८५. पुढच्याच वर्षी संघ तळाशी गेला, साउदॅम्प्टनकडून लीग कपमध्ये ४-१ मार खाल्ला आणि दोन दिवसांत त्याला घालवला, ऐन नोव्हेंबरात, हंगाम अर्धाही झालेला नसताना. त्याच दिवशी फर्ग्युसनला आणला. म्हणजे मेसेजवाल्याची सबुरी क्लबने ॲटकिन्सनच्या बाबतीत पाळली असती, तर फर्ग्युसन आलाच नसता. हे वाक्य मी मावसभावाला दोनदा ऐकवलं. दुसऱ्यांदा त्याने जास्तीचा रस्सा मागवला.

‘पैसा न ओतता पोरं घडवली.’ पोरं घडवली हे खरं. बेकहम, बट, गॅरी नेव्हिल ही मंडळी १९९२ ला युवा कप जिंकून आली आणि १९९५-९६ ला मोठ्या संघात स्थिरावून लीग आणि कप दोन्ही जिंकली. पण तोवर पहिली लीग येऊन तीन वर्षं झाली होती. ती १९९३ ची लीग जिंकणारे कोण? श्माइकेल, पार्कर, अर्विन, ब्रूस, पॅलिस्टर, इन्स, मॅक्लेर, कांटोना. सगळे विकत घेतलेले. गिग्स घरचा. ह्यूजही घरचाच, पण बार्सिलोनाला विकून पुन्हा पैसे मोजून परत आणलेला. पॅलिस्टरला १९८९ मध्ये २३ लाख पौंड दिले तेव्हा ब्रिटिश क्लबांमधला तो विक्रमी व्यवहार होता. त्याच उन्हाळ्यात वेब, फेलन आले, थोड्या दिवसांनी इन्स, वॉलेस. त्या काळच्या मानाने हे पैसा ओतणंच होतं. फक्त कांटोनासारखा दहा-बारा लाखांतला सौदाच लोकांच्या लक्षात राहतो, कारण तो चमत्कार वाटतो.

आता शेवटचा आणि खरा मुद्दा: ‘त्यांच्यानंतर एकालाही वेळ दिला नाही.’ यात थोडं तथ्य आहे, ते आधी देऊन टाकतो. डेव्हिड मोयेसला सहा वर्षांचा करार देऊन दहा महिन्यांत काढला. फर्ग्युसनबरोबर क्लबचा कारभार बघणारा डेव्हिड गिलही त्याच उन्हाळ्यात गेला होता, आणि मोयेसच्या पहिल्या खरेदीत हाताला लागला तो शेवटच्या दिवशीचा फेलायनी. त्या बिचाऱ्यावर अन्याय झाला असं मीही म्हणेन. व्हॅन खालने तर शनिवारी एफए कप जिंकला आणि सोमवारी घरी गेला.

पण पुढचे? मूरिन्यो अडीच वर्षं राहिला. लीग कप, युरोपा लीग (युरोपातली दुय्यम स्पर्धा), नंतर लीगमध्ये दुसरा क्रमांक. सोल्शार जवळजवळ तीन वर्षं राहिला, म्हणजे फर्ग्युसनच्या पहिल्या कपाच्या उंबरठ्यापर्यंत. त्याला एकही ट्रॉफी मिळाली नाही. गदान्स्कला युरोपा लीगच्या फायनलमध्ये व्हिआरेआलकडून पेनल्टींवर ११-१० ने हरला, आणि त्या रात्री मी इंदिरानगरच्या गच्चीत पहाटेपर्यंत फेऱ्या मारत होतो, पण ती गोष्ट इथली नाही. टेन हागचं उदाहरण तर मेसेजवाल्याने मुद्दाम वाचावं. २०२४ ला लीगमध्ये आठवा क्रमांक, प्रीमियर लीगच्या (१९९२ पासूनच्या लीगच्या) काळातला तोवरचा क्लबचा नीचांक, आणि त्याच महिन्यात सिटीला २-१ हरवून एफए कप. नव्या मालकवर्गाने इतर मॅनेजरांशी बोलून पाहिलं, मग यालाच ठेवला, करार वाढवून दिला, त्याच्या आयाक्समधल्या जुन्या पोरांपैकी डी लिख्ट आणि मझरावी आणून दिले. आणि ऑक्टोबरात, नऊ सामन्यांनंतर चौदाव्या क्रमांकावर असताना, काढला. याला वेळ न देणं म्हणत नाहीत. वेळही दिला, पैसाही दिला, फक्त काडी कुणी तपासली नाही.

बरं, प्रत्येकजण आपला वाण घेऊन येतो. व्हॅन खालसाठी दी मारिया आणला, वर्षभरात विकला. मूरिन्योच्या वेळी पॉग्बा ८ कोटी ९० लाख पौंडांना. सोल्शारला मॅग्वायर ८ कोटींना. टेन हागला अँटनी, ८ कोटींच्या वर. मग अमोरिम आला मध्ये तीन बचावपटू ठेवायची पद्धत घेऊन, आणि आधीच्याने चौघांच्या बचावफळीसाठी जमवलेल्या संघाला ती अंगरख्यासारखी चढवली. २०२४-२५ ला पंधरावा क्रमांक, ४२ गुण, आणि बिल्बाओला टॉटनहमकडून युरोपा लीगची फायनल हरलो. मामाच्या भाषेत, खुंट तोच आणि दर दोन वर्षांनी वरचं कलम वेगळं: थॉमसन द्राक्ष छाटून सोनाका, सोनाका छाटून क्रिमसन. अशा बागेला सात काय, सतरा वर्षं दिली तरी काय येणार?

फर्ग्युसनला मिळालेला वेळ आज मागताना त्याच्याबरोबर काय मिळालं होतं तेही मागा. कोणता खेळाडू घ्यायचा, कोणता विकायचा, पंधरा वर्षांच्या पोराला कुणी भेटायला जायचं, हे सगळं त्याच्या एका टेबलावर होतं. आजच्या मॅनेजरच्या डोक्यावर स्पोर्टिंग डायरेक्टर (संघबांधणीचं धोरण ठरवणारा), खेळाडू निवडणारा विभाग, आणि २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने खरेदीपायी क्लबवर चढवलेलं कर्ज. ती व्यवस्था वाईटच असं माझं म्हणणं नाही, बाकीचे मोठे क्लबही तशीच चालवतात आणि जिंकतात. पण मग सात वर्षं मॅनेजरला कशाला? सात वर्षं त्या स्पोर्टिंग डायरेक्टरच्या खुर्चीला मागा.

मामा तेवढ्यात पिंपळगावहून येऊन टेबलाशी टेकला होता. आमचा वाद ऐकून त्याने एकच विचारलं, “त्या साहेबाचा पहिल्या वर्षी घड दिसला होता का?” मी म्हटलं, पहिल्या नाही, दुसऱ्या वर्षी दुसरा क्रमांक होता. “मग ठीकय,” म्हणाला, आणि मिसळीत दही टाकलं.

घरी आल्यावर हे सगळं लिहून मावसभावाला पाठवलं. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. संध्याकाळी आलं.

“दादा, बरं. सात नको. साडेतीन तरी?”