मनाला लावून न घेता फॉन ट्रिअर

डॅनिश दिग्दर्शक लार्स फॉन ट्रिअर याच्या सगळ्या सिनेमांचा रेट्रोस्पेक्टिव्ह बघायला जाताय, तर सुरुवात उच्चारापासून करा. 'व्हॉन ट्रायर' म्हणायचं नाही, 'फॉन ट्रिअर' म्हणायचं. समोरचा चुकला तर लगेच टोकू नका. त्याचं वाक्य पुरं होऊ द्या आणि मग आपल्या वाक्यात जाता जाता बरोबर उच्चार ठेवून द्या. त्याचा चेहरा पडला की पासचे निम्मे पैसे तिथेच वसूल. हे 'फॉन' त्याचं नाहीच, हे मात्र सांगायचं नाही. १९५६ साली कोपनहेगनजवळ जन्मला तेव्हा हा साधा लार्स ट्रिअर होता. फिल्म स्कूलमध्ये असताना त्याने मधे 'फॉन' घुसवलं, ते स्ट्रोहाइम आणि स्टर्नबर्ग या जुन्या दिग्दर्शकांच्या चालीवर. त्या दोघांनाही ते बापजाद्यांकडून मिळालेलं नव्हतं. आपल्याकडे कुणी कॉलेजात असताना आडनावामागे 'सरदार' लावावं, कारण आधी दोघांनी लावलं होतं आणि खपून गेलं होतं, तसलाच प्रकार.

आता रेट्रोस्पेक्टिव्ह म्हणजे काय, ते समजून घ्या. जो माणूस चाळीस वर्षं लोकांच्या खुर्चीखाली सुतळी बाँब लावत आला, त्याचे सगळे बाँब क्रमवार, वेळापत्रक छापून आणि सबटायटल्ससकट फोडायचे. अशा ठिकाणी दचकणारा माणूस अडाणी दिसतो. म्हणून घरून निघतानाच ठरवा: बघायचं सगळं, लागू काही द्यायचं नाही. कोपनहेगनात राहत असाल तर डॅनिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या सिनेमाटेकात, नसाल तर फिल्म सोसायटीच्या डुगडुगत्या खुर्चीवर किंवा घरच्या सोफ्यावर. पद्धत सगळीकडे तीच.

यात तुमचा सगळ्यात मोठा आधार म्हणजे त्रयी. ट्रिअरचे सिनेमे मेथीच्या जुड्यांसारखे तीन-तीन बांधून ठेवलेले आहेत. युरोपची जुडी १९८४ ते १९९१. मग 'गोल्डन हार्ट', मग अमेरिका, मग नैराश्याची. कोणत्याही सिनेमाबद्दल कुणी काही विचारलं की 'तो त्रयीच्या संदर्भात बघायला हवा' म्हणा आणि चहाकडे वळा. अमेरिकेच्या जुडीत दोनच काड्या आहेत, तिसरा सिनेमा आलाच नाही. तिला 'अपूर्ण त्रयी' म्हणताना छोटासा उसासा टाकला तर शोभून दिसतो. हा माणूस विमानाला घाबरतो, त्यामुळे अमेरिकेत त्याने कधी पाऊलच ठेवलेलं नाही. फ्रान्समधल्या कानच्या चित्रपट महोत्सवालासुद्धा तो डेन्मार्कहून कॅम्पर व्हॅन घेऊन जायचा. न पाहिलेल्या देशावर तो तीन तासांचा सिनेमा काढतो, तर न पाहिलेल्या सिनेमावर तुम्ही तीन मिनिटं बोललात म्हणून काय बिघडलं?

डॉग्मावर बोलायची वेळ येणारच. १९९५ साली सिनेमाची शंभरी साजरी करायला पॅरिसच्या ओदेऑन नाट्यगृहात मंडळी जमली होती. ट्रिअरने तिथे या डॉग्माचा जाहीरनामा वाचला, लाल पत्रकं प्रेक्षकांत उधळली आणि निघून गेला. सोबत सही थॉमस विंटरबर्ग या दुसऱ्या डॅनिश दिग्दर्शकाची. एकंदर दहा नियम. कॅमेरा हातातच हवा, बाहेरून सामान आणायचं नाही, वेगळं संगीत चिकटवायचं नाही, खास दिवे नकोत, खून आणि हत्यारं नकोत, दिग्दर्शकाचं नाव लावायचं नाही. तुमच्या मेव्हण्याने मोबाइलवर काढलेला बारशाचा व्हिडिओ घ्या आणि एकेक नियम लावून बघा. जवळजवळ सगळ्यांत पास होतो. नापास होतो तो ३५ मिमीच्या नियमात. पण तिथे तर पहिले दोन डॉग्मा सिनेमेही व्हिडिओवरच काढले होते, मागाहून फिल्मवर उतरवले होते. आणि नियम करणाऱ्याने नियमाप्रमाणे सिनेमे किती काढले? 'द इडियट्स' हा एक. सोसायटीचा पार्किंगचा फलक ज्यांनी लावला त्यांचीच गाडी गेटसमोर उभी असते, हे तुम्हाला नवीन नसेल. तरी इथे हसू नका, 'मर्यादेतून मुक्ती' असं काहीतरी पुटपुटा.

'डॉगव्हिल'ला मात्र वेळेवर पोचा. २००३ चा सिनेमा, जवळपास तीन तासांचा, आणि सगळा एकाच मोकळ्या स्टुडिओत. जमिनीवर पांढऱ्या रेषांनी घरं आखलेली, रस्त्याचं नाव अक्षरात लिहिलेलं, कुत्र्याच्या जागी कुत्र्याची नुसती रेघ. दारं नाहीत, पण माणसं हवेत मूठ फिरवतात आणि कडी वाजते. मी पहिल्यांदा पाहिला त्या खेळाला एक काका वीस मिनिटं उशिरा आले. अंधारात आमचे पाय तुडवत खुर्चीपर्यंत पोचले, पडद्याकडे बघितलं आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सेट लावायचा राहिलाय का अजून?" त्यांना गप्प करणाऱ्यांत मीही होतो. तासाभराने पडद्यावर एका रेषेच्या आत निकोल किडमनवर बलात्कार होत होता आणि रेषेपलीकडे गावकरी आपापली कामं करत होते. भिंत नसल्यामुळे आम्हाला ते सगळे एकाच वेळी दिसत होते, त्यांना मात्र काही दिसत नव्हतं. तेव्हा काका काहीच बोलले नाहीत. इंटरव्हल नव्हता, तरी ते गेलेही नाहीत. अशा प्रेक्षकांपासून सावध राहा. त्यांना त्रयी माहीत नसते, त्यामुळे त्यांना सिनेमा लागतो.

'गोल्डन हार्ट'चे सिनेमे बघताना रुमाल आत ठेवा. ट्रिअरच्या लहानपणी एक चित्रांचं पुस्तक होतं. एक मुलगी खिशात पाव वगैरे घेऊन जंगलात जाते, वाटेत भेटेल त्याला जवळचं सगळं देऊन टाकते, आणि अंगावर काहीही न उरता शेवटी म्हणते की माझं तर बरं चाललंय. त्या मुलीला मोठं करून त्याने 'ब्रेकिंग द वेव्हज'मध्ये स्कॉटलंडच्या कर्मठ गावात बेसचं लग्न लावून दिलं, 'डान्सर इन द डार्क'मध्ये अमेरिकेतल्या कारखान्यात डोळे जात चाललेल्या सेल्माला मशीनवर उभं केलं. बेसचा नवरा तेलविहिरीवरच्या अपघातात लुळा होतो आणि तिला परक्या पुरुषांकडे पाठवतो. ती जाते, देवाशी बोलत बोलत जाते. सेल्मा फाशी जाते. एका डोळ्याने हे बघताना तुम्हाला आपल्या आयांची पिढी आठवेल, सोशिक सुनेचा सिनेमा लागला की पदराला डोळे पुसत बाहेर येणारी. तिला आपण भाबडी म्हणत आलो. तेव्हा इथे 'सोसणं' हा शब्द वापरूच नका, 'यातनेचं सौंदर्यशास्त्र' म्हणा. त्याला कानचं सर्वोच्च पारितोषिक, गोल्डन पाम, मिळतं. २००० साली सेल्माच्या सिनेमाला मिळालंच, आणि सेल्मा झालेल्या गायिका बियोर्कला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं पारितोषिकही.

बियोर्कचं नाव निघालं की कुणीतरी २०१७ ची आठवण काढेल. तिने तेव्हा जाहीरपणे लिहिलं होतं की एका डॅनिश दिग्दर्शकाने चित्रीकरणाच्या काळात तिचा छळ केला. नाव तिने घेतलं नव्हतं. ट्रिअरने आरोप फेटाळले. या प्रसंगासाठी 'कलाकृती वेगळी आणि कलाकार वेगळा' हे वाक्य इस्त्री करून ठेवा. ते उच्चारताना उभं कुठे राहायचं, एवढं पाहा. रेट्रोस्पेक्टिव्हच्या पोस्टरसमोर नको, कारण त्यावर सगळ्या कलाकृतींपेक्षा कलाकाराचं नाव मोठ्या अक्षरात छापलेलं असतं.

उठून जायची वेळही आधी ठरवलेली बरी. २०१८ साली 'द हाउस दॅट जॅक बिल्ट' कानला दाखवला तेव्हा शंभरेक लोक मधेच उठून गेल्याच्या बातम्या आल्या, आणि उरलेल्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. हुशार माणूस दोन्हीत असतो. कडेची खुर्ची घ्या, हिंसा सुरू झाली की शेजाऱ्याला ऐकू जाईल इतपत 'छे' करून बाहेर पडा, चहा घ्या, आणि श्रेयनामावली सुरू व्हायच्या सुमाराला परत येऊन उभे राहा.

कान आणि ट्रिअर यांचं नातं म्हणजे श्रीमंत आत्या आणि वाह्यात भाचा. १९९१ साली पारितोषिक घेताना त्याने ज्युरीचे अध्यक्ष पोलान्स्की यांचा 'बुटका' असा उल्लेख केला. २००९ साली 'अँटिक्राइस्ट'च्या पत्रकार परिषदेत स्वतःला जगातला सर्वोत्तम दिग्दर्शक म्हणवून घेतलं. २०११ च्या पत्रकार परिषदेत मात्र जीभ फारच घसरली. बाप ज्याला समजत होता तो ज्यू होता. आईने १९८९ साली मरणाच्या दारात सांगितलं की तुझा खरा बाप दुसराच, मूळच्या जर्मन घराण्यातला. एवढं सांगून थांबायचं होतं. पण हशा पिकेना, म्हणून हा खड्ड्यात उतरून आणखी खणत गेला, आणि खणता खणता हिटलर मला समजतो, ठीक आहे, मी नाझी आहे, इथपर्यंत पोचला. महोत्सवाने त्याला नकोशी व्यक्ती म्हणून जाहीर केलं. सिनेमा मात्र स्पर्धेत ठेवला. तीन वर्षांनी बर्लिनला हा छातीवर 'पर्सोना नॉन ग्राटा' छापलेला टी-शर्ट घालून हजर, वर कानचं सोनेरी पानसुद्धा. २०११ च्या त्या पत्रकार परिषदेची चित्रफीत मिळाली तर बघा, पण त्याच्याकडे बघत बसू नका. शेजारी बसलेल्या नायिकेकडे, कर्स्टन डन्स्टकडे बघा. पाहुण्यांसमोर सासरेबुवा भलतंच बोलू लागले की सुनेचा चेहरा होतो, तसा तिचा चेहरा होत जातो. काही दिवसांनी त्याच सिनेमासाठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्री म्हणून गौरवलं.

तो सिनेमा म्हणजे 'मेलँकोलिया', आणि सगळ्या रेट्रोस्पेक्टिव्हमध्ये धोका असलाच तर तो इथे. कापाकापी नाही, त्यामुळे माणूस गाफील राहतो. एक बाई आपल्या बहिणीला अंघोळ घालायला नेते. टब भरलेला आहे, गरम पाणी आहे, आणि बहिणीला टबात टाकायला पाय उचलता येत नाही. बस, एवढंच. पायाला काही झालेलं नाही, पण उचलत नाही. मग तिच्या आवडीचं जेवण करतात; ती एक घास घेते आणि राखेसारखं लागतंय म्हणून रडू लागते. घरात कुणाचं असं झालेलं असेल आणि तुम्ही त्या माणसाला 'जरा मनावर घे, बाहेर फिरून ये' म्हणाला असाल, तर या वेळी वॉशरूमला जाऊन या. पुढे एका काठीला तारेचं कडं लावलेलं दिसेल. पोराने केलेलं आहे. ते छातीशी धरून कड्यातून, पृथ्वीच्या दिशेने येणाऱ्या ग्रहाकडे बघायचं, पाच मिनिटांनी परत बघायचं: ग्रह कड्यापेक्षा लहान दिसला तर तो चाललाय, मोठा दिसला तर येतोय. अंघोळ घालणारी बहीण झालेली शार्लट गेन्सबूर ते दुसऱ्यांदा डोळ्यासमोर धरते तेव्हा मोबाइल काढून पार्किंगचं बघा.

'द फाइव्ह ऑब्स्ट्रक्शन्स' चुकवू नका, कारण त्यात मुंबई आहे आणि मराठी माणूस म्हणून तुम्हाला दोन शब्द बोलता येतील. ट्रिअरने आपला गुरुतुल्य दिग्दर्शक यॉर्गन लेथ याला सांगितलं, तुमचा १९६७ चा तो छोटा, नेटका सिनेमा मी घालीन त्या अटींवर पुन्हा पुन्हा काढा. पहिली अट, एकही शॉट बारा फ्रेमपेक्षा लांब नको. दुसरी अशी: जगातल्या सगळ्यात वाईट जागी जा, पण ती जागा दाखवू नका. लेथने मुंबई निवडली, आणि मुंबईत फॉकलंड रोड. वेश्यावस्तीच्या त्या गल्लीत टेबल मांडलं, वर पांढरीशुभ्र चादर. लेथ डिनर जॅकेट घालून बसला आणि चवीने मासे खाऊ लागला, सोबत वाइन. पाठीमागे एक पारदर्शक पडदा ताणला होता. त्या पडद्याआड बायका आणि पोरं उभी आहेत, त्याला जेवताना बघताहेत. ट्रिअर हे पाहून नाराज झाला. का, तर जागा दाखवायची नाही असं ठरलं होतं, आणि पडद्यातून ती दिसते. अट मोडली. परत मुंबईला जा म्हणाला, लेथ नाही म्हणाला, तेव्हा शिक्षा म्हणून त्याला पूर्ण स्वातंत्र्य दिलं!

दोन डॅनिश सभ्य गृहस्थांमधला नीतिमत्तेचा हा वाद अतिशय उद्बोधक आहे. त्यावर बोला. फॉकलंड रोडला पठ्ठे बापूरावांचं नाव दिलेलं आहे, तेही सांगा, लोक माना डोलावतील. फक्त नजर टेबलावरच राहू द्या. पडद्यामागे उभी असलेली माणसं तुमच्यासारखीच प्रेक्षक आहेत, पासशिवाय आलेली. त्यांना सबटायटल नाहीत. हा सिनेमा त्यांना कसा वाटला हे कुणीही विचारलेलं नाही, तुम्ही कशाला विचारताय?

शेवटी 'द किंग्डम' ही त्याची टीव्ही मालिका ठेवलेली असेल. कोपनहेगनच्या मोठ्या सरकारी इस्पितळातली भुतं, आणि छतावर चढून, स्वीडनकडे बघत डॅनिशांच्या नावाने शिमगा करणारा स्वीडिश डॉक्टर. १९९४ आणि १९९७ साली दोन भाग झाले. तिसऱ्याची वाट बघता बघता तो डॉक्टर झालेला नटही गेला आणि भुतांच्या मागावरची म्हातारी झालेली नटीही. तिसरा भाग आला २०२२ साली. त्याच वर्षी ट्रिअरला पार्किन्सन्स झाल्याचं जाहीर झालं, आणि २०२५ च्या सुरुवातीला तो शुश्रूषा केंद्रात दाखल झाल्याची बातमी आली. जुन्या भागांत प्रत्येक खेपेला शेवटी तो स्वतः यायचा, टक्सिडो घालून, तरणाबांड, प्रेक्षकांना टोमणे मारत. नव्या भागातही येतो, म्हणजे आवाज येतो. पुढे लाल पडदा आहे आणि पडद्याखालून फक्त बूट दिसतात. आता पूर्वीसारखा दिसत नाही, म्हणून समोर येत नाही, असं तो तिथूनच सांगतो.

हॉलमधले दिवे लागतील. सगळे उठले की तुम्हीही उठा, बुटांकडे बघून टाळ्या वाजवा, आणि पार्किंगची पावती हातात तयार ठेवा.