आवाज द्यायला काय जातंय

चुलतभावाचा व्हॉइस मेसेज आला तेव्हा मी नेदरलँड्समध्ये, डेल्फ्टच्या ट्राम थांब्यावर होतो. कुणी नट कोल्हापुरात ‘माती वाचवा, पाणी वाचवा’ सांगून गेला, त्यावरून शिरोळात दादा तापला होता. “फावड्याचा दांडा धरता येत न्हाई आन् आमाला शिकवाय आलाय. आवाज द्यायला काय जातंय रं?”

दिवसभर ते डोक्यातून जाईना. आपल्याकडं कुणी काही करायला उठला, की आधी त्याचा हेतू तपासायचा. आमिर खान-किरण रावच्या पानी फाउंडेशनचा वॉटर कप, म्हणजे गावागावांतली पाणी अडवायची स्पर्धा, २०१६ साली ३ तालुक्यांत सुरू झाला, २०१८ मध्ये ७५ तालुक्यांत पोचला. चर गावकऱ्यांनीच खणले, कबूल. पण एप्रिल-मेच्या उन्हात ४५ दिवस माणसं शिवारात आणायला सरकारी परिपत्रक पुरलं असतं? नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांची ‘नाम’ संस्था २०१५ पासून आहे, सयाजी शिंदे झाडं लावत फिरतात. जाहिरात म्हणा हवं तर. पानमसाल्याच्या जाहिरातीपेक्षा बरी की.

संध्याकाळी फोन करून ठणकावलं. म्हटलं, इथं असले वादच नाहीत. वातरस्खापचं, म्हणजे पाणी आणि निचरा बघणाऱ्या इथल्या मंडळाचं बिल येतं, आपण भरतो. चर साफ केला नाही तर माणूस येऊन बघतो, दंड लावतो. इथला राजा युवराज होता तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या पाणी सल्लागार मंडळाचा अध्यक्ष होता, त्याला कुणी फावडं धरून दाखव म्हणालं नाही. २०२३ च्या वातरस्खाप निवडणुकीत मीसुद्धा मत दिलं. (निम्म्या उमेदवारांची नावं धड वाचता आली नव्हती, ते सांगितलं नाही.) आणि राधानगरीचं धरण बांधायला घेतलं ते शाहू महाराजांनीच ना?

“म्हाराजांनी धरान बांधलं. भाषान न्हाई दिलं,” दादा म्हणाला.

त्याचा राग वेगळाच होता. दुष्काळी गावाचे धडे शिरोळला कशाला? आमच्याकडं पाणी जास्त झालंय. वर्षानुवर्षं ऊस पाटानं बुडवला, वर खत ओतलं, निचरा नाही. उन्हाळा लागला की आमच्या रानात पांढरा थर चढतो, पायाखाली पापडासारखा मोडतो. ऊस गुडघ्याला येऊन पिवळा पडतो. उपाय सगळ्यांना ठाऊक आहे: जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालायचे आणि पाणी मोठ्या पाइपातनं ओढ्याला काढायचं. पण तो मोठा पाइप चौघांच्या रानातनं जातो. एक जरी अडला तरी काम थांबतं.

“मग तेच सांगतोय,” मी म्हटलं. “चौघांना एका जागी बसवायलाच असला आवाज लागतो.”

तो जरा गप्प झाला.

“तिघं तयार हायत. चौथं रान आपलं. सातबाऱ्यावर तुझं बी नाव हाय. दोन वर्सं झाली, सही आन् वाटा मागतोय न्हवं?”

फोन ठेवल्यावर मेसेज वर सरकवत गेलो. दोन वर्षांत मी त्याला इथल्या निचऱ्याचे तीन व्हिडिओ पाठवले होते. बाकी सगळे माझे व्हॉइस मेसेज. एक तर साडेचार मिनिटांचा.