जुन्या प्रोजेक्टरमधल्या तांब्याबद्दल खुलासा

"दुसऱ्या महायुद्धातल्या प्रोजेक्टरमध्ये किलोकिलो तांबं दडलंय, लाखांना विकतं," असा मेसेज जालना-परभणीकडं फिरतोय. तो चुकीचा आहे. सिनेमाच्या या यंत्रांत आर्क दिवा असे, म्हणजे कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये विजेची ठिणगी पेटवून उजेड देणारा दिवा. त्या कांड्यांवर तांब्याचा पातळ मुलामा असे. कांडी जळताना तो वितळून दिव्याच्या पेटीत थेंबाथेंबानं पडे. युद्धात तांब्याची टंचाई झाली, तेव्हा अमेरिकेतल्या थिएटरवाल्यांना हे थेंब साठवून जमा करायला सांगितलं होतं. म्हणजे तांबं कांडीवरचं! यंत्रात असतं ते मुख्यतः मोटारीच्या वायंडिंगपुरतं, म्हणजे आत गुंडाळलेल्या तारेपुरतं. जत्रेतल्या टुरिंग टॉकीजची यंत्रं आधीच थोडी उरलीत. तांब्यापायी ती फोडू नका, कळकळीची विनंती आहे. विकायचंच तर लेन्स, दिव्यामागचा आरसा, गेट (फिल्म सरकते ती चौकट) जागेवर ठेवून अख्खं विका.